हिरा-बारकीचा ओटा

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही एवढी स्वयंपाकघरं उभी केलीत. ओटा कसा असावा, फरशी कोणत्या रंगाची घ्यावी, असं काहीतरी लिहा. नवीन घर बांधणाऱ्यांना उपयोग होईल." मी हो म्हटलं. लिहायला बसलो तेव्हा उपयोगाचं एका पानात संपलं. राहिलं ते वेगळंच होतं आणि ते लिहायची माझी तयारी नव्हती. पण ते सोडून बाकीचं लिहिणं म्हणजे खोटं काम झालं असतं, म्हणून लिहितो.

आधी उपयोगाचं. ओट्याची उंची घरातल्या पुरुषाला कधीही विचारू नये. तो कमरेशी हात धरून "एवढा" म्हणतो आणि त्या ओट्यापाशी तो जन्मात एकदाही उभा राहणार नसतो. जी बाई रांधणार, तिला भिंतीशी उभं करावं, हात कोपरात वाकवायला सांगावा आणि कोपराच्या चार बोटं खाली पेन्सिलीने खूण करावी. तो ओटा. मोरीकडे उतार द्यावा, पण पायाला जाणवेल इतका देऊ नये. फरशी गडद असली की सांडलेलं पीठ दिसतं, फिकी असली की तेल दिसतं. त्यामुळे घरात काय जास्त सांडतं ते बघून रंग ठरवावा. एवढंच. बाकी सगळी हौस.

मी हे काम भिवपुरीच्या वीजघराच्या वसाहतीत फरशा दुरुस्त करता करता शिकलो. त्या काळात आमच्या भागातल्या भातशेतीवाल्यांच्या घरात ओटा नव्हताच. चूल जमिनीवर, जमीन शेणाने सारवलेली आणि बाई उकिडवी. रंगीत फरशी आली ती साठनंतर, आणि तीही आधी पुढच्या खोलीत, पाहुण्यांना दिसावी म्हणून. स्वयंपाकघरापर्यंत पोचायला तिला आणखी दहा वर्षं लागली.

रंगीत फरशी म्हणजे सिमेंटची लादी. लोखंडी साच्यात पत्र्याची नक्षीची जाळी बसवतात आणि तिच्या एकेका कप्प्यात पळीने रंग ओततात. पांढऱ्या सिमेंटमध्ये कालवलेला लाल, हिरवा, पिवळा. मग जाळी अलगद उचलायची, वर सिमेंट-रेती पसरायची आणि यंत्राखाली दाबायची. पुढे काही दिवस लादी पाण्याच्या टाकीत. रंग असतो तो फक्त वरच्या पाव इंचात, खाली सगळ्या लाद्या सारख्याच करड्या. कुंभिवलीला हायवेच्या कडेला अशा लाद्यांचा एक लहान कारखाना निघाला होता. माझा सगळा माल तिथूनच टेंपोने यायचा.

सत्तरनंतर मुंबईची माणसं खालापूरच्या बाजूला जमिनी घेऊन बंगले बांधायला लागली. त्यातल्या एका बंगल्याचं स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. नकाशात ओटा भिंतीला धरून न जाता मध्येच वळून खोलीत घुसलेला. मला वाटलं, नकाशा काढणाऱ्याचा हात घसरला. त्याने सांगितलं, "याला पेनिन्सुला म्हणतात. द्वीपकल्प." मी सातवी पास. भूगोलात तिन्ही बाजूंना पाणी आणि एका बाजूला जमीन असं पाठ केलं होतं, त्यामुळे लगेच समजलं. पण कामावर असा शब्द कोण उच्चारणार? भिंतीने जीभ बाहेर काढावी तसा तो ओटा दिसायचा, म्हणून आम्ही त्याला जीभच म्हणायला लागलो.

बंगल्याच्या बाई रोखठोक होत्या. मी म्हटलं, "बाई, ओटा भिंतीला लावला तर खोली मोठी राहील." त्या म्हणाल्या, "वीस वर्षं मी भिंतीकडे तोंड करून पोळ्या केल्या आहेत. आता मला पोळ्या करताना माणसं दिसू देत."

फरशीसाठी त्यांनी कारखान्यातल्या उरल्यासुरल्या लाद्या निवडल्या. एकीला दुसरीचा जोड नाही. मी त्या मोठ्या कौशल्याने जुळवून, रंगाला रंग लावून मांडल्या. बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री, विस्कटा." मी विस्कटायला गेलो तर हात पुन्हा ओळच लावायचा. शेवटी डोळे मिटून टोपल्यातून एकेक लादी उचलली आणि येईल तशी बसवली. मला ते काम बघवत नव्हतं. वाळल्यावर पॉलिश केलं आणि पाहिलं तर खोली हसत होती. त्या दिवशी मला कळलं की मला माझ्या कामातलं अर्धंच येत होतं.

पण ती खोली कुणी वापरली नाही. मंडळी वर्षातून दोनदा येत, तेही डबे घेऊन. पुढे एकदा गेलो तेव्हा माळ्याने त्या जिभेवर खताच्या गोणी रचल्या होत्या.

आता ज्या घराचं लिहायचं ते कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवरच्या एका गावातलं. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत.

दोन भाऊ होते, थोरला काशिनाथ आणि धाकटा हरी. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली हिरा थोरल्याला दिलेली आणि चार वर्षांनी तिच्याच पाठची बारकी धाकट्याला. हिरा उंच, हाडापेराने मोठी, बोलायला कमी. बारकी नावासारखीच बुटकी आणि दिवसभर तोंड चालू. बारकीला मूल नव्हतं. हिराची तिन्ही मुलं बारकीच्याच मागे मागे फिरायची.

भावांचं बिनसलं ते रस्त्याकडच्या शेतावरून. मुंबईच्या गिऱ्हाइकाला ते विकावं असं काशिनाथचं म्हणणं. हरी सही करायला तयार नव्हता. बोलणं थांबलं, मग जेवणं वेगळी झाली. घर दोघांत वाटायचं ठरलं. पण त्यांची आई जिवंत होती आणि तिने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "मी हाय तवर या घरात भिंत नाय उठायची. मी गेल्यावर काय ते करा."

बाकीच्या खोल्या वाटल्या गेल्या. अडचण स्वयंपाकघराची होती. मागची ती एकच लांबरुंद खोली, तिला दोन दारं. काशिनाथच्या अर्ध्या भागातलं माजघरात उघडणारं आणि हरीच्या अर्ध्या भागातलं परसात उघडणारं. चुली दोन हव्यात, खोली एक आणि मध्ये भिंत नको. त्यांनी मला बोलावलं.

मी खोलीत उभा राहिलो आणि मला तो बंगला आठवला. म्हटलं, "मागच्या भिंतीतून मधोमध एक ओटा बाहेर काढतो. अलीकडे एकीचा, पलीकडे दुसरीचा. समोरची भिंत यायच्या आधी तीन फुटांवर तो थांबवतो, म्हणजे जायला वाट राहील. भिंतही नाही आणि वाटणीही झाली."

भाऊ एकमेकांकडे न बघता "चालेल" म्हणाले. म्हातारी खुश झाली. "दत्तू, डोकं हाय रं तुला," म्हणाली. मी फुगलो. त्या कामाइतका अभिमान मला कशाचाच वाटला नव्हता.

"फरशी येगळी पायजे," काशिनाथ म्हणाला. "आमची कुठं संपते ती दिसली पायजे."

रंग निवडायला दोघी बहिणी माझ्याबरोबर टेंपोत बसून कुंभिवलीला आल्या. घराबाहेर पडल्यावर हिरासुद्धा बोलत होती. कारखान्यात बारकी प्रत्येक लादीवर अनवाणी उभी राहून बघायची.

"असं काय करतेस गं?" हिराने विचारलं.

"पायाला आवडली पायजे. डोळं काय, आज आवडलं त्याला उद्या इटतात."

हिराने लाल घेतली, बारकीने हिरवी. मग दोघी कोपऱ्यात जाऊन काहीतरी कुजबुजल्या आणि बारकी माझ्याकडे आली. "मिस्त्री, कडेची पट्टी असते ना, किनार? ती उलटी लावायची. माझ्या हिरव्याला लाल आणि ताईच्या लालला हिरवी."

"मालक विचारतील."

"इचारतील तवा सांगू, मिस्त्री चुकला."

मी ते ऐकलं आणि तशीच किनार लावली. जिभेची उंची बारकीच्या कोपरावरून घेतली, कारण हिरा म्हणाली, "मी वाकेन, ती टाचा किती उचलेल?" वर काळा कडप्पा. किनारीतली अदलाबदल काशिनाथच्या पंधरा दिवसांनी लक्षात आली. तो मला रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "मिस्त्री, चुकलास." मी मान खाली घातली. आयुष्यात कबूल केलेली ती एकच खोटी चूक.

पाच-सहा वर्षं तो ओटा तसा चालला. मी त्या बाजूला गेलो की मुद्दाम डोकवायचो. भाऊ बोलत नव्हतेच, पण दोघी समोरासमोर उभ्या राहून भाकऱ्या थापायच्या आणि मधल्या कडप्प्यावरून पीठ, मीठ, कालवणाची वाटी इकडून तिकडे सरकायची. मुलं या बाजूला वाढून घेऊन त्या बाजूला जेवायची. बंगल्यातल्या बाईंना जे हवं होतं, ते इथे या दोघींना मिळालं होतं.

म्हातारी वारली. तेरावं झालं आणि काशिनाथचा निरोप आला.

"आता भिंत घाल," तो म्हणाला. "जिभेच्या मधोमध आढ्यापर्यंत. आणि ती वाट बंद कर."

मी आडवळणाने सांगून पाहिलं. "कडप्प्यावर विटांचं वजन टाकू नये, तडकेल."

"कडप्पा काढ, मधे विटा घे, दोन बाजूंना दोन तुकडं लाव. मला शिकवू नको. तुला नाय जमत तर दुसरा बघतो."

हरीला विचारलं. तो परसात दावं वळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "त्याला पायजे तर घालू दे. मला काय?"

मी भिंत बांधायला घेतली. साडेचार इंची, एकास चार सिमेंट-रेतीची. दोघी आपापल्या बाजूला उभ्या होत्या. विटांचे थर कमरेच्या वर आले तेव्हा बारकी पुढे झाली. तिच्या बोलण्याला नेहमीची धार नव्हती.

"मिस्त्री, एक इट सोडा ना. वाटी जाईल येवढं भोक. आमचं कालवण जाईल-येईल."

हिराने मला हात जोडले.

काशिनाथ माजघराच्या दारात विडी ओढत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली नाही, काही म्हटलंही नाही. नुसता बघत राहिला. मी बारकीला म्हणालो, "मालक म्हणतील तसं करायचं असतं, बाई." आणि वीट लावली.

त्याने नको म्हटलं नव्हतं, हे मला नंतर कितीदा आठवलं. थापी माझ्या हातात होती. उलटी किनार लावताना मी कुणाला विचारलं नव्हतं.

भिंत झाली, दोन्ही बाजूंनी गिलावा केला. "सात दिवस पाणी मारा," असं सांगून मी निघालो. बारकीने मला चहा विचारला नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. हिराने सांगितलं ते लिहितो.

भातझोडणीचे दिवस होते. सगळी माणसं खळ्यावर. दुपारी हिरा खळ्यावरच्या माणसांसाठी भाकऱ्या करत होती आणि पलीकडे बारकीने चहाला पंपाचा स्टोव्ह पेटवला होता. वाऱ्याने तो विझायचा म्हणून तिने परसातलं दार लोटून कडी घातली होती. भिंत झाल्यापासून तिच्या बाजूला तेवढं एकच दार. स्टोव्ह भडकला आणि लुगड्याने पेट घेतला. दार स्टोव्हच्या पलीकडे राहिलं.

हिराने किंकाळी ऐकली. "ताई गं, ताई गं," असं बारकी ओरडत होती. मध्ये फक्त भिंत. हिराने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि भिंतीवर घालायला सुरुवात केली. किती घाव घातले ते तिला सांगता येत नव्हतं. मग ती वरवंटा टाकून माजघरातून पुढच्या अंगणात आणि घराला वळसा घालून परसात धावली. कडी आतून. खळ्यावरची माणसं येऊन दार फोडेपर्यंत आतला आवाज थांबला होता.

बारकी इस्पितळात तिसऱ्या दिवशी गेली. जाण्याआधी तिने जबाब दिला, स्टोव्ह भडकला, कुणाचा दोष नाही. पंचनाम्याच्या वेळी हवालदाराने विचारलं की भिंत कधीची. मला बोलावलं होतं. मी सांगितलं. "कुणी बांधली?" "मी," म्हटलं. त्याने ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

चौदाव्या दिवशी हरी माझ्या दारात आला. त्याची दाढी वाढली होती. "मिस्त्री, भिंत पाडायची हाय."

"काशिनाथ काय म्हणतो?"

"त्यानंच पाठवलाय."

मी पहार आणि घण घेऊन गेलो. आधी हिराच्या बाजूला गेलो. भिंतीवर छातीच्या उंचीला हातभर गिलावा उडाला होता. आतल्या विटांचे टवके निघाले होते. मी सवयीने सांध्यावर अंगठा फिरवला. एकही सांधा हलला नव्हता. रेती धुऊन घेतलेली, माल नीट कालवलेला, पाणीही कुणीतरी सात दिवस मारलं होतं. पक्कं काम. उभ्या आयुष्यात मी एवढं वाईट काहीही पाहिलं नाही.

पाडायला दुपार झाली. दोन्ही भाऊ घमेली उचलत होते. हिरा लाल फरशीवर बाजूच्या भिंतीला टेकून बसली होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती, त्यांना पट्टी होती. मी पाणी प्यायला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "मिस्त्री, तवा ते भोक ठेवलं असतं तर?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि चौदा दिवस मी त्याचं उत्तर जुळवून ठेवलं होतं. म्हटलं, "वाटीएवढ्या भोकातून माणूस नसता आला, हिराबाई."

"माणूस नाय," ती म्हणाली. "पानी आलं असतं. माझ्याकडं भरलेली कळशी होती."

मी उठलो आणि राडारोडा उचलायला लागलो.

परसाच्या दाराजवळच्या हिरव्या लाद्या काळ्या पडल्या होत्या, काही तडकल्या होत्या. हरी म्हणाला, त्या बदल. मी कुंभिवलीला गेलो तर कारखान्याने तो साचा मोडीत काढला होता. शेवटी तिथे साध्या करड्या लाद्या बसवल्या. हरीने पुन्हा चूल मांडली नाही. तो भावाकडे जेवायला लागला, हिरा वाढायची, तो खाली मान घालून जेवायचा. रस्त्याकडचं शेत पुढे विकलंच. दोघांनी मुकाट्याने सह्या केल्या म्हणे. ज्याच्यासाठी एवढं झालं ते शेत एका सकाळी गेलं.

मी काम सोडलं नाही. पोट होतं आणि दुसरं काही येतही नव्हतं. फक्त एक नियम केला. वाटणीचं स्वयंपाकघर असेल तर आधी घरातल्या बायकांशी बोलायचं आणि दार-खिडकी कुठे हवी ते त्यांनाच विचारायचं. पुरुषांना हे आवडत नसे. "काम आमी दिलंय का बायकांनी?" असं म्हणून दोघा-तिघांनी मला परत पाठवलं.

शेवटचं काम खालापूरकडचं होतं. तिथेही दोन भाऊ, तिथेही एकच स्वयंपाकघर. बायका दोघी बोलायला तयार, पण सासऱ्यांनी त्यांना आत पाठवलं आणि मला भिंतीची जागा दाखवली. मी म्हटलं, "मध्ये दार ठेवा. कुलूप लावा हवं तर, पण दार ठेवा." ते ऐकेनात. मी त्यांना बारकीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, वाईट झालं म्हणाले आणि पुन्हा भिंतीच्या जागेवर आले. मी हत्यारं पिशवीत भरली आणि हायवेवर येऊन उभा राहिलो. घरी येईपर्यंत मला वाटत होतं की आज आपण काहीतरी केलं.

महिन्याने त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा त्या घरात डोकावलो. भिंत झाली होती. दुसऱ्या मिस्त्रीने बांधली होती आणि ती ओळंब्यातही नव्हती. दोन्हीकडून चुलीचा धूर येत होता.